पाणथळ जमिनीतला लोखंडी खांब: वसईच्या खाडीपासून भिवंडीच्या गोदामांपर्यंत

संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांना एक प्रश्न पडतो. साहित्य आढावा लिहिताना दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं कशाला वाचायचं? गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचून होत नाहीत, त्यात हे आणखी कुठे! प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर तात्त्विक भाषेत देण्यापेक्षा एका साध्या खांबाच्या गोष्टीतून देतो. मी मुळात भूशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे खांबापेक्षा खांबाखालच्या मातीकडे माझं लक्ष आधी जातं. तेवढा पक्षपात चालवून घ्या.

ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोदामांच्या रांगा सुरू होतात. यातली नवी गोदामं बहुतेक एकाच पद्धतीची आहेत. पोलादी खांब, त्यावर पोलादी तुळया, वर पत्रा. बांधकाम सुरू असताना पाहिलं, तर खांबाच्या तळाला जोडलेली जाड बेस प्लेट दिसते. ती चार किंवा जास्त बोल्टांनी काँक्रीटच्या पेडेस्टलवर बसवलेली असते. पेडेस्टल जमिनीत गेलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याच्या शेजारी खड्डा खणला, तर फार खाली न जाताच पाणी लागतं.

असा खांब अशा जमिनीत उभा कसा राहतो? बहुतेक जण सांगतील, ‘पाया मजबूत करायचा.’ ते चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. त्याआधीचा प्रश्न असा आहे की हा खांब जाणार कुठे? खाली खचेल, बाजूला ढळेल की वर उचलला जाईल? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अभियंत्यांना ते एकाच वेळी सुचलेले नाहीत. प्रत्येक प्रश्न वेगळ्या काळात, वेगळ्या ठिकाणी आणि बहुतेक वेळा मोठं नुकसान झाल्यावर कळला. त्या क्रमात आपल्या शेजारची वसईची खाडी फार महत्त्वाची आहे.

आधी जमीन समजून घेऊ

उल्हास नदी घाटातून उतरते, कल्याणवरून पुढे येते आणि ठाण्याच्या उत्तरेकडून वळून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. भिवंडी शहरातून वाहणारी कामवारी नदी याच खाडीला येऊन मिळते. भरतीचं पाणी या खाडीतून थेट कल्याणच्या बाजूपर्यंत चढतं. म्हणजे भिवंडीच्या दक्षिण आणि पश्चिम कडेला पावसाचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी रोज एकमेकांना भेटतं.

तळाशी दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. त्याच्या वरचा थर झिजून मुरूम झालेला असतो. खाडीच्या कडेला या मुरमावर करड्या-काळ्या सागरी चिखलाचा थर असतो. काही ठिकाणी तो अगदी पातळ असतो, तर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड. दोनशे मीटर अंतरावरच्या दोन बोअरहोलमध्ये खडक अगदी वेगळ्या खोलीवर लागू शकतो. खारेगाव, खारबाव ही नावं नकाशावर दिसली की माझी नजर आपोआप तिथल्या मातीकडे जाते. ठाणे जिल्ह्यात खाजणाला बांध घालून भातशेती करण्याची परंपरा जुनीच. अशा जमिनींना ‘शिलोत्री’ म्हणत आणि त्यांची वेगळी धारा पद्धत होती. म्हणजे ही जमीन पाण्याकडून उसनी घेतलेली आहे, याची जाणीव इथल्या लोकांना अभियंते येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

आता पाण्याने नेमकं काय बिघडतं ते बघू. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात. त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण येतं आणि घर्षणामुळे माती भार घेते. भिजलेल्या एक घनमीटर चिखलाचं वजन साधारण १७ किलोन्यूटन धरा. तेवढ्याच पाण्याचं वजन जवळपास १० किलोन्यूटन. आर्किमिडीजच्या नियमाने पाणी मातीला तेवढ्याने वर उचलतं. कणांना एकमेकांवर दाबायला उरतात फक्त ७. मातीचं वजन तराजूत १७ भरतं, पण खांबाच्या कामी त्यातलं निम्म्याहूनही कमी येतं. कार्ल तेरझागी यांनी १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या मृदायांत्रिकीवरच्या ग्रंथात या विचाराची पक्की मांडणी केली. आज आपण त्याला ‘परिणामी ताण’ म्हणतो. पण माणसं लोखंडी खांब चिखलात उभे करत होती ती त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीपासून.

स्क्रूचा शोध: धरून ठेवण्यासाठी

अलेक्झांडर मिचेल हे बेलफास्टचे आयरिश अभियंते. तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली होती. १८३३ साली त्यांनी ‘स्क्रू पाइल’चं पेटंट घेतलं. कल्पना सोपी आहे. लोखंडी दांड्याच्या टोकाला एक रुंद, पीळदार पातं बसवायचं आणि दांडा गोल फिरवत जमिनीत उतरवायचा. बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आठवा, फक्त पातं चांगलं काही फुटांचं.

ही कल्पना पहिल्यांदा वापरली गेली ती जहाजं नांगरून ठेवायला. म्हणजे जोर वरच्या दिशेने होता. जहाज ओढतं आणि स्क्रू जमिनीला धरून ठेवतो. मग लक्षात आलं की जे पातं वर ओढलं जाऊ देत नाही, ते खाली दाबलं जाण्यालाही विरोध करतं. थेम्सच्या मुखाजवळच्या मॅपलिन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर १८३८ मध्ये दीपगृहासाठी स्क्रू पाइल उतरवले गेले. बाहेरच्या दिशा मोजायची दृष्टी नसलेल्या माणसाने मऊ तळावर इमारत उभी करायची वाट दाखवली. ही दिशेची अदलाबदल लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम आहे.

वसईची खाडी आणि साठ फुटी गाळे

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, जी.आय.पी. रेल्वेची गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. तिथे दगडी कमानींचा पूल बांधला गेला. दगडी खांबाला रुंद, कठीण तळ लागतो आणि तो मिळाला की दगड शतकभर हलत नाही.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज, हिची अडचण वेगळी होती. तिचा मार्ग किनाऱ्याला धरून उत्तरेकडे जाणारा. वाटेत वसईची खाडी, वैतरणा, तापी, नर्मदा अशा नद्या आणि खाड्या होत्या आणि त्याही मुखाजवळ, जिथे पात्र रुंद आणि तळ मऊ. प्रत्येक ठिकाणी पाणी अडवून, उपसून, खडकापर्यंत खणून दगडी खांब उभारायचे, तर पैसा आणि वर्षं दोन्ही पुरली नसती.

कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी एक ठरीव साचा निवडला. वॉरन पद्धतीच्या त्रिकोणी तुळया, प्रत्येक गाळा ६० फुटांचा आणि आधाराला बिडाचे पोकळ नळखांब. एकाच मापाचे भाग इंग्लंडमध्ये ओतायचे, जहाजाने आणायचे, इथे बोल्टने जोडायचे. खांबाच्या टोकाला मिचेलचा स्क्रू. नळाचा व्यास साधारण अडीच फूट आणि पात्याचा साडेचार फूट. खांब जमिनीत फिरवण्यासाठी वर लांब दांडे लावून त्यांना बैल जुंपत. तेलाच्या घाण्यासारखेच बैल गोल फिरत आणि खांब चिखलात उतरत जाई. नोव्हेंबर १८६४ मध्ये हा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. वसईच्या खाडीत मधल्या पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना पूल होते.

या पद्धतीत दोन गोष्टी हुशारीच्या आहेत. एक, पाणी उपसावं लागत नाही. पाण्याखाली खड्डा नाही, खड्ड्यात माणूस नाही, बांध फुटायची भीती नाही. पाणथळ जागी पाया घालण्यातला सर्वांत मोठा धोकाच बाजूला काढला जातो. दुसरी, खांब उतरवणं हीच जमिनीची चाचणी होते. फिरवायला जितका जोर जास्त, तितका खालचा थर घट्ट. आज हेलिकल पाइल बसवताना यंत्रावर ‘टॉर्क’ वाचतात आणि त्यावरून भारक्षमतेचा अंदाज बांधतात, त्यामागचं तत्त्व हेच. तेव्हा टॉर्कचा काटा नव्हता, बैलांची दमछाक होती.

बाजूचा जोर: नर्मदेने दिलेलं उत्तर

हाच साचा भडोचजवळ नर्मदेवर वापरला गेला. तिथे तो टिकला नाही. पावसाळ्यातल्या पुरांनी पुलाला पुन्हा पुन्हा तडाखे दिले. दुरुस्त्या होत राहिल्या, खर्च चढत गेला. शेवटी सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्यानुसार नवा पूल बांधला आणि तो १८८१ मध्ये खुला झाला. त्याला लोक ‘गोल्डन ब्रिज’ म्हणतात. त्याला सोन्याचा मुलामा नाही. दुरुस्त्या आणि नवीन बांधकाम मिळून एवढा पैसा गेला की सोन्याचाच पूल झाला असता, असं सांगितलं जातं.

आता संशोधक म्हणून विचार करा. साचा तोच, तुळया त्याच, मग खाडीत जमलं ते नदीत का जमलं नाही? गाडीचं वजन तर तेवढंच होतं. पण नर्मदेचा पूर वजनाच्या दिशेने येत नाही, तो आडवा येतो. सडसडीत नळखांबांना तो बाजूने ढकलतो, वाहत आलेली झाडं त्यांच्यात अडकतात. शिवाय वेगवान पाणी खांबाभोवतीची वाळूच उकरून नेतं. याला ‘स्कावर’ म्हणतात. ज्या मातीने खांबाला धरायचं, तीच माती पुराच्या ऐन वेळी जागेवर नसते. पूर ओसरला की गाळ पुन्हा भरतो आणि उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसतं. मोजमाप बरोबर असतं, मोजण्याची वेळ चुकलेली असते.

हा धडा आकड्यांत उतरायला आणखी पन्नास वर्षं लागली. १९३० मध्ये भारतातल्या सिंचन खात्यात काम केलेल्या जेराल्ड लेसी यांनी नदीचा विसर्ग आणि तळाची माती यांवरून खोलीचा अंदाज बांधणारी सूत्रं मांडली. आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि पुलाच्या खांबाभोवती होणाऱ्या धुपीचा अभ्यास पुढे नेला. आजही आपल्याकडे पुलाचा पाया किती खोल न्यायचा हे ठरवताना लेसींच्या सूत्राने आधी धुपीची खोली काढतात आणि पाया तिच्याही खाली नेतात. भिवंडीत कामवारीच्या काठावर खांब उभा करणाऱ्याला नर्मदेचा धडा लागू होतो का? होतो, पण नदीकाठाला. शंभर मीटर आत, साचलेल्या पाण्यात, तो गौण ठरतो. कुठला धडा कुठे लागू नाही, हेही आढाव्यात लिहावं लागतं.

खालचा जोर: शिकागो आणि प्रयोगशाळेतला एक तास

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत शिकागोत उंच इमारती उभ्या राहू लागल्या. खाली मऊ, ओली चिकणमाती. १८७३ मध्ये फ्रेडरिक बाउमान यांनी सुचवलं की प्रत्येक खांबाला त्याचा स्वतंत्र पाया द्यावा आणि पायाचं क्षेत्रफळ त्या खांबावरच्या भाराच्या प्रमाणात ठेवावं, म्हणजे सगळे खांब सारखेच खचतील. पुढे १८८० च्या दशकात पोलादी रूळ आडवे-उभे रचून, काँक्रीटमध्ये बुडवून रुंद पाये केले गेले. लोखंडी खांबाचा टोकदार भार मऊ मातीवर पसरवायचा, म्हणजे चिखलावर फळी टाकून चालण्यासारखं. आजची बेस प्लेट आणि तिच्याखालचं पेडेस्टल-फूटिंग हे याच घराण्यातलं.

पण एक अडचण राहिली. १८८९ मध्ये पूर्ण झालेली शिकागोची ऑडिटोरियम इमारत हळूहळू दोन फुटांहून जास्त खचली, तीही सगळीकडे सारखी नाही. पाया मोडला नव्हता. माती तुटली नव्हती. फक्त तिच्यातलं पाणी वर्षानुवर्षं पिळून निघत होतं.

हे ‘हळूहळू’ म्हणजे किती, हे तेरझागींनी दाखवलं. खचायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेत आपण २० मिलिमीटर जाडीचा नमुना दाबतो. समजा त्यातलं बहुतेक पाणी निघायला एक तास लागला. जागेवर तोच थर ६ मीटर जाड आहे आणि पाण्याला तसंच वर-खाली दोन्हीकडून निघता येतं. जाडी ३०० पट, म्हणून वेळ ३०० चा वर्ग, म्हणजे ९०,००० पट. ९०,००० तास म्हणजे दहा वर्षांहून थोडं अधिक. प्रयोगशाळेतला एक तास म्हणजे काल्हेरमधलं एक दशक. गोदाम बांधणारा, ते भाड्याने घेणारा आणि त्यात काम करणारा या तिघांपैकी दहा वर्षांनी तिथे कोण असेल?

आता भिवंडीतला खास भाग. खाजणाच्या जमिनीवर गोदाम उभं करायचं, तर आधी मुरमाचा भराव टाकतात. दोन मीटर भराव टाकला, तर दर चौरस मीटरला सुमारे ३६ किलोन्यूटन भार पडतो. पत्र्याच्या पोलादी शेडचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला ०.३ किलोन्यूटनच्या आसपास. म्हणजे जमिनीच्या नजरेने इमारत जवळजवळ नाहीच. खरा बोजा आहे तो भरावाचा, शंभराहून जास्त पट. तीन मजली घर बांधल्यासारखा. त्यावर रचलेल्या मालाचा भार आणखी वेगळा.

यातून एक उलटा प्रकार होतो. खांब पाइलवर आहेत आणि पाइल खडकाला टेकले आहेत, असं समजा. ते खचत नाहीत. पण आजूबाजूचा चिखल भरावाखाली खचतो आणि खचता खचता पाइलला चिकटून त्यालाही खाली ओढतो. जी माती आधार देईल म्हणून धरली होती, ती खांबाच्या खांद्यावर बसते. याला ऋण घर्षण म्हणतात. पाइलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २९११ मध्ये, त्याची दखल आहे. पाइल सोसून गेला, तरी फरशी आणि खांब यांच्यात भेग पडते, फरशीला उतार येतो, शटर अडकतात. लोक म्हणतात, ‘खांब वर आला.’ खांब तिथेच असतो, जमीन खाली गेलेली असते.

वरचा जोर: हलक्या इमारतीचं जड दुखणं

तिसरी दिशा सगळ्यांत कमी लोकांना सुचते. पोलादी शेड हलकी असते, हा तिचा गुण म्हणून सांगितला जातो. वाऱ्यासमोर तोच दोष ठरतो.

साधा हिशोब करून बघा. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. भिवंडीसाठी तोच घेऊ. दाब काढायचं सूत्र: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं दर चौरस मीटरला सुमारे १.१६ किलोन्यूटन. उंची, परिसर वगैरेंचे गुणक इथे बाजूला ठेवतोय. छतावर हा दाब खाली ढकलत नाही, बहुतेक भागात वर ओढतो. त्यात वाऱ्याकडचं मोठं शटर उघडं राहिलं, तर आतूनही वर ढकलतो.

समजा शेडची रुंदी २४ मीटर आहे आणि खांबांच्या दोन ओळींत लांबीकडे दर ८ मीटरवर एक खांब. एका खांबाच्या वाट्याला छत येतं ९६ चौरस मीटर. त्याचं वजन साधारण २९ किलोन्यूटन. वारा वर ओढतो १११ किलोन्यूटन. म्हणजे ८२ किलोन्यूटन इतका जोर खांबाला जमिनीतून उपटायला बघतो. मातीचा हातभार क्षणभर बाजूला ठेवला, तर त्याला धरायला कोरड्या जमिनीत सुमारे ३.४ घनमीटर काँक्रीट पुरतं. आता जमिनीत पाणी वरपर्यंत चढलंय असं धरा. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४ वरून पाण्याखाली १४ वर येतं. मग लागतात सुमारे ५.९ घनमीटर. सुरक्षेची जादाची मात्रा यात अजून धरलेली नाही. काँक्रीट तेच, खांब तोच, फक्त पाणी वर आलं म्हणून सत्तर टक्के जास्त.

आणि आपल्याकडे जोराचा वारा व वर आलेलं पाणी हे वेगवेगळ्या ऋतूंत येत नाहीत. दोन्ही पावसाळ्यातच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भिवंडीतही पूर आला. अशा दिवशी पायाच्या गणितातला ‘पाण्याची पातळी’ हा रकाना जमिनीच्या पृष्ठभागाइतकाच धरायला हवा. एप्रिलमध्ये बोअरहोल घेऊन तेव्हाची पातळी हिशोबात धरली, तर नर्मदेच्या उन्हाळी पाहणीसारखंच झालं.

उपटणाऱ्या जोराला उत्तर म्हणून पायाला खाली रुंद करतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या, फुगणाऱ्या मातीसाठी खाली गोळा असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल विकसित केले. तो गोळा ओढीला चांगला विरोध करतो. मात्र ओल्या चिखलात तसा गोळा कोरताना भोक ढासळू शकतं. आणि आज जगभर, ओढ सोसण्यासाठी, पुन्हा वापरले जाताहेत ते स्क्रू पाइल. मिचेलनी जहाज धरून ठेवायला जे बनवलं, केनेडींनी गाडीचं वजन पेलायला जे वापरलं, ते फिरून मूळ कामावर आलंय. फरक इतकाच की आता जहाजाऐवजी पत्र्याचं छप्पर धरायचंय.

खांबाचा घोटा

दिशा तीनच, पण खांब निकामी व्हायची आणखी एक वाट आहे ती म्हणजे गंज. पाण्यात कायम बुडालेलं लोखंड तुलनेने सावकाश गंजतं, कारण तिथे प्राणवायू कमी. कोरडं लोखंडही टिकतं. सर्वांत वाईट जागा म्हणजे जिथे ओलं-कोरडं आलटूनपालटून होतं. गोदामाच्या खांबाची ती जागा म्हणजे बेस प्लेट आणि बोल्ट, खांबाचा घोटा म्हणा. त्यात खाडीच्या पाण्यातलं मीठ. जुन्या बिडाच्या नळाची भिंत जाड असे, गंजाला खायला बरंच काही होतं. आजच्या शेडच्या खांबाचे पत्रे काही मिलिमीटरचे असतात.

म्हणून बेस प्लेट फरशीत गाडू नये, पेडेस्टल फरशीच्या आणि शक्य असेल तिथे पुराच्या पातळीच्याही वर आणावं, प्लेटखाली न आकसणारं ग्राउट नीट भरावं, पाणी साचणार नाही असा उतार द्यावा. खर्चाच्या मानाने ही कामं छोटी आहेत. पण उपटणारा सगळा ८२ किलोन्यूटन जोर याच चार बोल्टांतून जातो, हे आठवलं की ती छोटी वाटत नाहीत.

तुमच्या आढाव्यासाठी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. जुनं कशाला वाचायचं? कारण ताज्या निबंधात बहुतेक वेळा उत्तर असतं, प्रश्न कुठून आला ते नसतं. वसई, नर्मदा, शिकागो आणि भिवंडी ही चार ठिकाणं ओळीने ठेवली की दिसतं, प्रत्येक पिढीने आपल्याला छळणाऱ्या दिशेचा हिशोब पक्का केला आणि पुढची अडचण दुसऱ्याच दिशेने आली. म्हणून कुठल्याही पायाच्या प्रश्नाला हात घालताना तीन ओळी आधी लिहून काढा. जोर कोणत्या दिशेने आहे? पाण्याची पातळी वर्षातल्या कोणत्या दिवसाची धरलीय? किती वर्षांनंतरच्या खांबाबद्दल आपण बोलतोय? या तिन्हींची उत्तरं ज्या निबंधात सापडत नाहीत, तिथे बहुधा तुमचा संशोधनाचा प्रश्न दडलेला असतो.

साधनं आपल्या जवळच आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला राज्य अभिलेखागार, १८८२ चं ठाणे गॅझेटियर आणि अभियंत्यांच्या संस्थांची जुनी इतिवृत्तं. गॅझेटियरमध्ये ‘खार’ जमिनींची वर्णनं शोधा आणि ती आजच्या बोअरहोलच्या नोंदींशेजारी ठेवा. कुठे खाजण होतं आणि आज कुठे भराव आहे, याचा असा नकाशा हा एखाद्या चांगल्या प्रबंधाचा पहिला अध्याय होऊ शकतो.

यात फक्त गोदामाच्या मालकाचा प्रश्न नाही. खाजण हे भरतीचं आणि पुराचं पाणी सामावून घेणारं भांडं आहे. त्यात भराव टाकला की तेवढं पाणी दुसरीकडे जातं, बहुधा जुन्या, सखल वस्तीत. ज्यांच्या घरांना पेडेस्टल नाही, पाइल नाही, त्यांच्या उंबऱ्याशी. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचे खांबही आता याच खाडीच्या परिसरात उभे राहताहेत. खांब कसा टेकवायचा हे आपल्याला बऱ्यापैकी कळलंय. तो उभा करताना हटवलेलं पाणी कुठे गेलं, हा हिशोब मात्र खांबाच्या आराखड्यात कुठेच लिहिलेला नसतो. तो मांडायचा असेल, तर भूशास्त्र, स्थापत्य आणि इतिहास तिघांना एका टेबलावर बसावं लागेल. तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असाल, तर ही जागा अजून मोकळी आहे.